लष्करातला स्लॅब: एक उशिरा बसलेला, एक वेळेत बसलेला

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, शिंद्यांच्या छावणीमागच्या एका अरुंद गल्लीत जुना चुन्याचा वाडा पाडून तीन मजली घर उभं राहत होतं. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकायचा होता. क्षेत्र साधारण १३० चौरस मीटर, जाडी १२५ मिलिमीटर, बीम धरून २३ घनमीटरच्या आसपास माल, म्हणजे काँक्रीट. महिना डिसेंबरचा. धनुर्मास लागायच्या आत छत पडलंच पाहिजे, असा घरातल्या थोरल्यांचा हट्ट. त्यांना सगळे नानाच म्हणतात, मीही. गल्लीत ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे तयार माल आणणारी फिरत्या ड्रमची गाडी, शिरत नव्हता. म्हणून पंप चौकात लावून पाइप आत न्यायचा आणि बाजार बंद झाल्यावर रात्री काम सुरू करायचं, असं ठरलं.

हे प्रकरण मी दोन-तीन कामांतून जुळवून मांडलं आहे. आकडेही अशा कामांत दिसतात तसेच घेतले आहेत. त्यामुळे काँक्रीटचा प्लांट कोणता, ठेकेदार कोण, हे विचारू नका.

मिश्रण एम२५ चं, म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी २५ मेगापास्कल ताकदीचं. एका घनमीटरला ३६० किलो पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट आणि १६६ लिटर पाणी, म्हणजे पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४६. गिट्टी बिलौआची काळी, रेती सिंध नदीची. केमिकल होतं नॅफ्थलीनवर आधारलेलं सुपरप्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं, आतच मंदक (माल उशिरा बसवणारा पदार्थ) मिसळलेलं. मात्रा सिमेंटच्या ०.८ टक्के, म्हणजे घनमीटरला २.८८ किलो. प्लांटवाल्यांनी हे मिश्रण मे महिन्यात बसवलं होतं. मेमध्ये ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि गाडी रस्त्यातच घट्ट होऊ लागते, त्यामुळे तेव्हा मंदक हवाच असतो. डिसेंबरात तोच पिंप, तीच मात्रा चालू राहिली. मला विचाराल तर प्रकरणाची निम्मी गोष्ट इथेच आहे.

चार गाड्या आल्या. पहिली रात्री नऊच्या सुमारास आली आणि विनातक्रार रिकामी झाली. दुसरी आणि तिसरी आली तेव्हा माल जरा जास्तच पातळ होता, फंटी (माल सपाट करायची फळी) मारताना वर तपकिरी फेस येत होता. मिस्त्री खूश, कारण असा माल ओढायला हलका. चौथी गाडी वाटेत अडकली. भरल्यापासून रिकामी होईपर्यंत तिला जवळजवळ तीन तास लागले. पंपाच्या हौदात माल उतरेना, तेव्हा ड्रायव्हरने गाडीच्याच टाकीतून ड्रममध्ये पाणी सोडलं. रात्रीचे दोन वाजलेले, तापमान सात-आठ अंश, सगळे शेकोटीला खेटलेले. कुणी अडवलं नाही.

सकाळी पहिल्या गाडीचा भाग बसलेला, म्हणजे घट्ट झालेला होता. चौथ्या गाडीचाही. मधला पट्टा, म्हणजे दोन आणि तीन नंबरचा माल, मात्र अंगठ्याने दाबला तर दबत होता. दुपारीही तसाच. संध्याकाळी नानांचा फोन आला.

"अरे, तू ये आधी. ठेकेदार म्हणतोय माल मेला. उद्या सकाळी तोडायला माणसं आणतो म्हणतो."

गेलो तेव्हा छतावर चार मतं तयार होती. ठेकेदाराला तोडायचं होतं, अर्थात खर्च प्लांटवाल्यांच्या अंगावर टाकून. मिस्त्री म्हणत होता, कोरडं सिमेंट भुरभुरवू, पाणी ओढून घेईल. शेजारच्या एका अनुभवी गृहस्थांचा सल्ला होता की खाली सिगड्या पेटवा. आणि मजूर तराईच्या (बसलेला माल ओला ठेवण्याच्या) सवयीने कडेने पाळी बांधून पाणी सोडायच्या तयारीत होते. मी म्हटलं, "नाना, आज काही तोडायचं नाही आणि काही घालायचंही नाही. फक्त झाकायचं."

यातला प्रत्येक उपाय का वाईट, ते थोडक्यात सांगतो. कोरडं सिमेंट वरच्या दोन-तीन मिलिमीटरची साल तेवढी बनवतं, खालचा माल जिथल्या तिथे, आणि ती साल पुढे पापडासारखी निघते. बंदिस्त जागेत कोळसा पेटवला तर त्याचा कार्बन डायऑक्साइड ताज्या पृष्ठभागावर बसतो आणि तो भाग कायमचा भुसभुशीत राहतो. न बसलेल्या मालावर पाणी सोडणं म्हणजे वरच्या थराचं गुणोत्तर आपल्या हाताने बिघडवणं. आणि तोडण्याविषयी बोलायचं तर, माल खरंच मेला आहे का, हेच अजून कुणी तपासलं नव्हतं.

मेला की झोपला?

माल न बसण्याची कारणं फार नसतात. सिमेंटच खराब असेल. कुठून तरी साखर किंवा तसला काही पदार्थ आत गेला असेल. केमिकलची मात्रा चुकली असेल. राख प्रमाणाबाहेर असेल. किंवा नुसती थंडी. थंडी एकटीही बरंच करते: तापमान दर पाच-सहा अंशांनी उतरलं की बसण्याची वेळ साधारण एक तृतीयांशाने वाढते. पण ती सगळ्या छताला सारखीच होती आणि पहिल्या गाडीचा माल सकाळी बसला होता. त्यामुळे थंडी एकटी गुन्हेगार नव्हती.

प्लांटकडून चारही गाड्यांच्या बॅच स्लिपा मागवल्या. सिमेंट, पाणी, गिट्टी, रेती सगळं जागच्या जागी. केमिकलच्या रकान्यात दोन आणि तीन नंबरला प्रत्येक बॅचमध्ये यंत्राने टाकलेली मात्रा, आणि तिच्याखाली हाताने टाकलेली तेवढीच आणखी एक. ऑपरेटरला ड्रममध्ये माल घट्ट वाटला म्हणून त्याने बटण पुन्हा दाबलं होतं. म्हणजे १.६ टक्के. सहा घनमीटरच्या गाडीत १७ किलोऐवजी साडेचौतीस किलो.

इथे एक गंमत आहे. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय संहितेत, मंदक, प्लास्टिसायझर आणि सुपरप्लास्टिसायझर यांच्या मात्रांवर अनुक्रमे ०.५, १ आणि २ टक्के अशी मर्यादा घातली आहे. १.६ टक्के म्हणजे कागदावर मर्यादेच्या आतच. प्लांटचा माणूस तेच दाखवत होता आणि तो खोटं बोलत नव्हता. पण पिंपावर सुपरप्लास्टिसायझर लिहिलेलं असलं तरी आत मंदकही आहे. मात्रा दुप्पट केली की तोही दुप्पट होतो, आणि तो सात अंशांत किती तास खाईल, हे संहितेतली ती ओळ सांगत नाही. ते चाचणी मिश्रणातूनच कळतं, आणि तेही ज्या हंगामात काम करायचं त्याच तापमानात घेतलेल्या.

स्लिप हा कागदी पुरावा झाला. सिमेंट जिवंत आहे, हे हाताने पाहायला हवं होतं. प्लांटवर ठेवलेल्या त्याच लॉटच्या सिमेंटचे दोन गोळे मळले, एक साध्या पाण्यात, दुसरा १.६ टक्के केमिकल घालून. पहिला रात्रीतून दगड झाला, दुसरा सकाळीही ओला होता. त्याहून सोपी आणि मला जास्त आवडणारी चाचणी क्यूबवर झाली. दुसऱ्या गाडीचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायला भरलेले ठोकळे, साच्यातच होते. त्यातला एक नानांच्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या उबेला, प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून ठेवला. बाकीचे छतावरच. उबेतला क्यूब छतावरच्यांपेक्षा कितीतरी आधी बसला. म्हणजे रसायन आत काम करत होतं, फक्त संथपणे.

मंदक आत नेमकं काय करतो

सिमेंटमधला ताकद देणारा मुख्य घटक ट्रायकॅल्शियम सिलिकेट. पाणी लागलं की तो विरघळू लागतो, आणि त्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटचे सूक्ष्म अंकुर फुटतात. ते वाढून एकमेकांत गुंतले की माल बसला. ग्लुकोनेट, लिग्नोसल्फोनेटमधल्या लाकडी शर्करा किंवा साधी साखर, हे सगळे रेणू जाऊन त्या अंकुरांवर आणि कणांवर चिकटतात आणि वाढ रोखून धरतात. सिमेंट संपत नाही, वाया जात नाही, थांबून राहतं. हळूहळू हे रेणू हायड्रेटमध्ये अडकून निकामी होतात आणि गाडी पुन्हा सुरू होते.

साखर किती थोडी लागते, हे ऐकून लोक चकित होतात. सिमेंटच्या ०.०५ टक्के, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला २५ ग्रॅम, एवढ्याने बसण्याला चारेक तासांचा उशीर होतो. ०.२ टक्क्यांपासून एक टक्क्यापर्यंत गेलं की माल जवळजवळ बसतच नाही. रस्त्यात ड्रम बंद पडला तर जाणते ड्रायव्हर आत साखर टाकतात ती यासाठीच. हे सांगत असताना नाना म्हणाले, "आमच्या आजोबांनी वाड्याच्या चुन्यात गूळ आणि बेलाचं पाणी घातलं होतं. पाडताना घाम फुटला ना तुमच्या माणसांना!" खरं आहे. पण चुन्याचं बसणं वेगळं. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, आणि साखरेने चुना पाण्यात जास्त विरघळतो, ते तिथे उपयोगी पडतं. तोच गूळ सिमेंटच्या वाटेत आडवा येतो.

आता महत्त्वाचा भाग. मंदकामुळे पहिल्या दिवसांची ताकद पडते, याबद्दल वाद नाही. पण उशिरा बसलेला माल अठ्ठावीस दिवसांनी कमकुवतच निघतो, ही समजूत चुकीची. सावकाश वाढलेली हायड्रेट सिमेंटच्या कणाभोवती घाईघाईने जाड कवच बांधत नाहीत, जास्त सारखी पसरतात. पाणी-सिमेंट गुणोत्तर तेच असेल आणि माल वाळू दिला नसेल, तर शेवटची ताकद साध्या मालाइतकी किंवा थोडी जास्तच येते. यातल्या दोन्ही अटी शब्दशः घ्यायच्या.

धोका ताकदीत नाही, वाट पाहण्यात आहे. माल तासन् तास मऊ राहिला की गिट्टी खाली बसत जाते, पाणी वर येतं, आणि वरच्या सळ्यांच्या रेघेवर बारीक भेगा पडतात, कारण माल खचतो आणि सळई खचत नाही. आमच्या पट्ट्यात त्या पडल्याच होत्या. बीमवरच्या रिंगांचा नकाशाच जणू छतावर उमटला होता. माल अजून मऊ होता याचा इथे फायदा झाला: व्हायब्रेटरची सुई आपल्या वजनाने आत जात होती, म्हणून बीमच्या रेघेवर पुन्हा व्हायब्रेशन केलं, फंटी मारली आणि भेगा मिटल्या. सुई स्वतःहून जाईनाशी झाली की हा उपाय करायचा नाही.

मग सगळा पट्टा पन्नीने झाकला आणि कडा विटांनी दाबल्या. थंडीत माल वाळत नाही, हा भ्रम आहे. सकाळी धुकं असलं तरी दुपारी ऊन आणि कोरडा वारा असतोच, आणि न बसलेला पृष्ठभाग भराभर पाणी सोडतो. स्लॅबच्या खालच्या मजल्याला ताडपत्री लावून आत मोठे हॅलोजन दिवे लावले. फार नाही, पण चार-पाच अंश मिळाले.

दर काही तासांनी बारा मिलिमीटरच्या सळईचं सपाट टोक ठरलेल्या जागी दाबून पाहत होतो आणि खोली खडूने लिहीत होतो. प्रयोगशाळेत यासाठी प्रमाणित पद्धत आहे, चाळलेल्या मालात सुई दाबायची आणि ३.५ मेगापास्कल रोधाला प्रारंभिक बसणं धरायचं. आमचा खडू तितका शास्त्रोक्त नव्हता, पण दिशा कळत होती. नानांना मी आधीच सांगून ठेवलं होतं: पाचव्या दिवशीही सळई शिरली तर तोडायचं, त्यात माझं मतांतर होणार नाही. दुसरी रात्र उलटून तिसरा दिवस उजाडला तेव्हा पट्टा बसू लागला, आणि त्या दुपारी सळईचा फक्त ओरखडा उमटला. तिथून ओली पोती सुरू झाली. पीपीसीसाठी संहिता किमान दहा दिवस तराई सांगते. आम्ही ते दिवस बसण्यापासून मोजले, टाकण्यापासून नाही.

क्यूब आणि टेकू

मंदकाच्या मालाचे क्यूब नेहमीच्या सवयीने चोवीस तासांनी साच्यातून काढले तर चाचणी तिथेच संपते. कडा बोटाला लागून गळते, कोपरा तुटतो, आणि पुढे येणारा आकडा मालाचा नसून हाताळणीचा असतो. प्रयोगशाळेचा पोरगा साचे उघडायला आलाच होता, त्याला परत पाठवलं.

निकाल असे आले. पहिल्या गाडीचे क्यूब सात दिवसांना सरासरी १८ मेगापास्कल, अठ्ठावीसला ३१.५. दुसऱ्या-तिसऱ्या गाडीचे सात दिवसांना १५, अठ्ठावीसला ३२.५. सात दिवसांचा आकडा आला त्या संध्याकाळी ठेकेदाराचा चेहरा विजयी होता. "देख लीजिए साहब, मैंने तो पहले ही कहा था." दोन दिवस उशिरा जन्मलेल्या मालाला सातव्या दिवशी पाचच दिवसांचं वय असतं, हे त्याला पटवण्यात मी वेळ घालवला नाही.

टेकूंचं मात्र कडक पाळलं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा दिवस, हे आयएस ४५६ मधले आकडे साध्या सिमेंटचे आणि पंधरा अंशांच्या खाली न जाणाऱ्या हवेचे आहेत. आमच्याकडे पीपीसी, डिसेंबर आणि मंदक, तिन्ही उलट्या बाजूचे. प्रयोगशाळेचे क्यूब २७ अंशांच्या कोमट टाकीत वाढतात, स्लॅब गारठ्यात. परिपक्वतेच्या (तापमान गुणिले वेळ) साध्या सूत्राने, उणे ११ अंश शून्य धरून हिशेब केला: टाकीतले सात दिवस म्हणजे ३८ गुणिले १६८ तास, जवळपास ६,४०० अंश-तास. स्लॅबचं सरासरी तापमान १४ धरलं तर दिवसाला ६०० अंश-तास होतात. म्हणजे टाकीतल्या सात दिवसांची बरोबरी करायला स्लॅबला साडेदहा दिवस हवेत, तेही बसल्यानंतरचे. म्हणून काही क्यूब छतावरच, स्लॅबच्या शेजारी त्याच पोत्याखाली ठेवले होते, आणि टेकू त्यांच्या आकड्यावर काढले. सेंट्रिंगवाल्याचं भाडं वाढलं, त्यावरून थोडी बोलाचाली झाली.

चौथी गाडी

एव्हाना सगळ्यांचं लक्ष मधल्या पट्ट्यावर होतं. चौथ्या गाडीचा कोपरा वेळेत बसला, तिचे क्यूब सात दिवसांना १८.५ आणि अठ्ठावीसला ३१. कुणी तिकडे पाहिलंही नसतं. मला खटकला तो पृष्ठभाग. नखाने ओढलं तर पांढरट भुकटी निघत होती, आणि तुलनेसाठी मारलेल्या रिबाउंड हॅमरचा (आदळून किती उसळतो ते दाखवणाऱ्या हातोड्याचा) आकडा इतर छतावर ३३, इथे २४. हॅमरच्या आकड्याला मी ताकद समजत नाही, पण एकाच छतावर एवढा फरक उगाच पडत नाही.

रात्रपाळीच्या मुलाला विचारलं, क्यूब कधी भरले? गाडी आल्या आल्या. आणि पाणी? त्यानंतर. म्हणजे आमच्याकडचे क्यूब छतावर न पडलेल्या मालाचे होते. ड्रायव्हर म्हणाला, "थोड़ा सा ही मारा था." गाडीच्या टाकीची काच पाहणाऱ्या पंपवाल्याच्या अंदाजाने ते दोनशे-सव्वादोनशे लिटर होतं. साडेपाच घनमीटरमध्ये २२० लिटर म्हणजे घनमीटरला ४० लिटर. गुणोत्तर ०.४६ वरून ०.५७ वर.

सळ्या शोधून, त्या चुकवून, ७५ मिलिमीटर व्यासाचे तीन कोअर, म्हणजे स्लॅबमधून कापलेले दंडगोल, काढले. क्यूबच्या तुलनेत आणलेली ताकद २०.४, २२.१ आणि २३. सरासरी २१.८. संहितेची अट अशी की तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नको. एम२५ साठी २१.२५ आणि १८.७५. कोपरा उत्तीर्ण झाला, पण काठावर. जो तोडायला निघाले होते तो पट्टा ३२ वर, आणि कुणाच्या डोळ्यांत न आलेला कोपरा २२ वर.

चौथ्या गाडीसाठी योग्य काय होतं? तीन तासांनी घट्ट झालेल्या मालात, तो अजून बसू लागलेला नसेल तर, प्लांटच्या तंत्रज्ञाने मोजून सुपरप्लास्टिसायझरची जादा मात्रा द्यायची, ड्रम काही मिनिटं पूर्ण वेगाने फिरवायचा आणि स्लम्प (माल किती ढळतो ते) पुन्हा पाहायचा. केमिकल कणांना दूर ढकलून माल सैल करतं, गुणोत्तराला हात लावत नाही. पाणी माल सैल करतं ते जागा व्यापून, आणि पुढे ते निघून गेलं की ती जागा पोकळी म्हणून राहते. ऐन मोक्याला साइटवर केमिकलचा डबा नव्हता, पाण्याचा नळ होता. आणि त्या गाडीपुरतं बोलायचं तर मी ती परत पाठवली असती. नाना त्यावर नाराज झाले असते, धनुर्मास समोर उभा होता.

प्लांटने दोन बदल केले. हिवाळ्यासाठी कमी मंदकाचं दुसरं केमिकल आणलं, आणि हाताने मात्रा देण्याच्या बटणाला कुलूप लावलं, किल्ली गुणवत्ता पाहणाऱ्याकडे. गाडीतलं पाणी चलनावर लिहिल्याशिवाय सोडायचं नाही, असंही ठरलं. ते कितपत पाळलं जाईल याबद्दल माझी फारशी खात्री नाही. पैशांचा वाद हॅलोजनची वीज, टेकूंचं भाडं आणि कोअरचा खर्च प्लांटने सोसून मिटला.

कोअरची भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने भरली. त्या कोपऱ्याचा हिशेब एम२० धरून पुन्हा केला, वाकणं आणि कातर दोन्हीत तो बसला. पण सच्छिद्र मालात पाणी लवकर शिरतं, म्हणून वर स्नानगृह येणार होतं ते नकाशात पलीकडे, पहिल्या गाडीच्या बाजूला हलवलं. नानांच्या सूनबाईंना तिथे देवघर हवं होतं, त्यांची समजूत घालायला नानांना दोन दिवस लागले.